भिंतीवरच्या गिटारी आणि पोरीचं कान

आमच्या घरात गिटारी चार आणि वाजवणारं कोण न्हाय. असं मी तोंडावर म्हटलं की मालकांना राग येतोय, पण खोटं काय हाय त्यात? लग्न होऊन मी बावड्यात आलो तवा भिंतीवर एकच व्हती. मला वाटलं, वा, नवरा वाजवणारा मिळाला, सांच्याला कारखान्यातनं आला की वाजवंल, मी भाकऱ्या थापीत ऐकीन. भाकऱ्या अजून थापतोय, ऐकाय काय मिळालं न्हाय.

हे गिटारी नुसत्या जमवत्यात. त्याबी जुन्याच पायजेत, नवीकडं बघत सुदीक न्हाईत. गोव्याकडं कुणाचं म्हातारं माणूस गेलं, पोरं माळा झाडाय लागली, असं कानावर आलं की ह्यांनी चंदगडची यष्टी धरलीच. एकदा येताना मीबी संगं व्हतो, पोरगी तवा पोटात. गाडीला ही गर्दी. ह्यांनी धक्काबुक्की करून खिडकीची जागा धरली आणि तिथं गिटार बसवली. मी म्हटलं, "अवो, आणि मी?"

"तू त्या म्होरच्या बाईला सांग, सरकंल ती. हिची मान लई नाजूक हाय."

माझी मान काय लोखंडाची व्हती?

घरी पावणं आलं की भिंतीकडं बघून म्हणणार, वाजवून दावा की राव. ह्यांचं ठरल्यालं उत्तर, "जुनं वाद्य हाय पावणं, ते वाजवायचं नसतंय, बघायचं असतंय." आत्याबाई म्हंजे माझ्या सासूबाई चुलीम्होरनं वरडायच्या, "येत न्हाय म्हणून सांग की सरळ!"

"आई, नव्या राजवाड्यात तलवारी मांडल्यात, त्या घिऊन कोण लढतंय काय?"

"तो राजवाडा हाय बाबा. आपलं पत्र्याचं घर हाय."

मला तर हात लावायची बंदीच. बाईच्या हाताला तेल असतंय, पीठ असतंय. पुसायचं झालं तर हेच पुसणार, आणि पोरीच्या दुपट्यासाठी म्हणून मी जपून ठिवलेलं मऊ लुगडं त्यातच गेलं. ते ऱ्हाऊ दे.

पोरगी नुकती बसाय लागली व्हती. एक दिवस शेजारच्या काकू आल्या, पोरीला दोन-तीन हाका मारल्या, ही आपली चमचा चोखत बसली. काकू म्हणाल्या, "पोरगी वळत न्हाय गं हाकंला. कान बघून घे बाई हिचं." बोलून त्या गेल्या. त्या दिवसापास्नं मी येडीच झालो. पाठीमागनं टाळी वाजवायची, हाक मारायची, ताट आपटायचं. ही कवा वळायची, कवा न्हाय. ताटाला वळली म्हणून मी पळत जाऊन काकूंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "भांड्याचा दणका बहिऱ्यालाबी भुईतनं अंगावर कळतोय. बारीक आवाज ऐकव, तारेचा वगैरे."

आता ह्यांना सांगावं तर हे डाक्टरकडं चला म्हणणार. आणि डाक्टर काय सांगंल त्याचंच तर मला भ्या. माझी शाळा सातवीतच सुटली, पण बहिऱ्या पोरीचं म्होरं काय हुतंय ते कळाय शाळा लागत न्हाय. आमच्या गावात एक बहिरी पोरगी व्हती, तिला बोलायबी आलं न्हाय कधी. ती डोळ्याम्होरनं हलंना.

मग एक दिवस दुपारचं आत्याबाई दळण घिऊन गिरणीला गेल्या. मी हात दोनदा धुतलं, पदराला पुसलं, आणि एक गिटार भिंतीवरनं काढली. काळीज असं उडत व्हतं की पोरीला तेवढं जरी ऐकू गेलं असतं तरी भागलं असतं. तिच्या मागं बसलो आणि तार वढली. भद्द. दुसरी वढली. भद्द, फर्र. पोरगी आपली चमचा चोखतीया. सगळ्या तारा वढून झाल्या, ही मान वळवंना, आणि मी गिटार मांडीवर घिऊन मोठ्यानं रडाय लागलो.

तेवढ्यात पयली पाळी सुटून हे दारात. आधी गिटारीकडं बघितलं, मग माझ्याकडं, मग पोरीकडं. अशा क्रमानं. मला वाटलं आता मेलो. मी एका दमात सगळं सांगून टाकलं, काकू, चमचा, ताट, गावातली पोरगी, सगळं. ह्यांचं तोंड पडलं. खाली बसलं आणि म्हणालं, "अगं येडे, तारा ढिल्या हायत. ताणून ठिवल्या तर जुनी मान वाकती, म्हणून मी ढिल्याच ठिवतोय. असल्या तारंचा आवाज माणसाला येत न्हाय, पोरीला काय येणार?"

"मग ताणा की."

ह्यांनी गिटारीवरनं हात फिरवला. "मी कधी ताणल्या न्हाईत गं."

"आता ताणा."

पोरीच्या मागं जरा डाव्या अंगाला बसून ह्यांनी खुंटी पिळली. कर्र, कर्र. तार छेडली. टुंग. पोरगी वळली न्हाय.

"अजून ताणा."

"तुटंल."

"तुटू दे!"

नवऱ्यावर मी असं कधी वरडलो नव्हतो. ह्यांनी परत पिळली, परत पिळली, आणि टण्णकन तार तुटली, ह्यांच्या अंगठ्याला लागली, आणि तारा अडकवलेली ती लाकडी पट्टी तडाक करून उखडून वर आली. पोरीचं दोन्ही हात हवेत उडालं. चमचा पडला. ती गर्रकन वळली, बापाकडं बघितलं आणि असं भोकाड पसरलं असं भोकाड पसरलं की बास. मी तिला उराशी धरली आणि हसाय लागलो.

आत्याबाई डोक्यावर पिठाचा डबा घिऊन दारात. "कुणी मारलं माझ्या नातीला?"

"कुणी न्हाय आत्याबाई, तिला ऐकू येतंय!"

"मग, यायचंच की! माझ्यासारखी हाय ती. कामाबिगर बघत न्हाय कुणाकडं."

हे एका हातात उखडलेली पट्टी धरून अंगठा चोखत व्हतं आणि हसत व्हतं. पण माझं मन कसलं, लगीच दुसरा किडा वळवळला. म्हटलं, "अवो, तुमी डाव्या अंगाला बसला व्हता."

"बरं मग?"

"एकाच कानानं ऐकलं असंल तर?"

ह्यांचं हसू थांबलं. माझ्याकडं बघितलं, मग भिंतीकडं बघितलं. तीन ऱ्हायल्या व्हत्या.

"आधी तिला गप तरी कर," म्हणालं आणि उठलं. भिंतीम्होरं उभं ऱ्हाऊन त्यातली त्यात कमी जुनी हुडकाय लागलं, ती काय घावंना. शेवटी डोळं मिटून एक काढली, आणि पोरीच्या उजव्या अंगाला जाऊन बसलं.