सगळ्या घराचं एकच खातं

आमच्या वडगावच्या घरात सात मोबाईल आहेत आणि सातही माझ्या थोरल्या भावाच्या ईमेल खात्यावर चालतात. यात कुणाला काही वावगं वाटत नाही. अण्णाचे यंत्रमाग आहेत, साड्या तो ऑनलाइनही विकतो, त्यासाठी कधीतरी खडेबाजारातल्या एका मोबाईलवाल्याकडून त्याने ते खातं उघडून घेतलं. मग घरात नवा मोबाईल आला की आधी अण्णाच्या हातात जायचा, अण्णा त्यात तेच खातं घालून द्यायचा. वेगळं खातं मागणं म्हणजे वेगळी चूल मागण्यासारखं होतं. मी टिळकवाडीत एकटी राहते, शाळेत शिकवते, मोबाईल स्वतःच्या पगारातून घेते. तरी नवा घेतला की रविवारी तो घेऊन मुकाट्याने वडगावला जायचे. चव्वेचाळीस वर्षांच्या शिकल्यासवरल्या बाईचा हा बावळटपणा आठवला की आजही माझी मला शिसारी येते.

गेल्या वर्षी एका सकाळी आंघोळ करताना डाव्या बाजूला हाताला गाठ लागली. वाटाण्याएवढी, न दुखणारी. त्या दिवशी तिसरा तास मोकळा होता. शिक्षकखोलीत कोपरा धरून मी मोबाईलमधल्या ब्राउझरला विचारलं, स्तनात गाठ म्हणजे कॅन्सरच असतो का. मग विचारलं, गाठ दुखत नसेल तर काय. आणि शेवटी, आत्याला कॅन्सर असेल तर भाचीला होतो का. अण्णाच्या मुलीचं निपाणीच्या एका घरात बघायचं चाललं होतं. मुलगा नोकरीला, घर चांगलं, आणि अण्णा-वहिनी दोघंही त्या स्थळावर जीव लावून बसलेले. घरात एक बिनलग्नाची आत्या आहे, त्यात तिला हे निघालं असं कळलं तर ते लोक मागे सरतील, एवढं मला कळत होतं. भाचीचं ठरेपर्यंत तोंडातून चकार शब्द काढायचा नाही असं मी ठरवलं.

तोंडातून काढला नाही, पण बोटांनी तो कधीच गावभर केला होता. संध्याकाळपासून जाहिराती सुरू झाल्या. मी मराठीत विचारलं होतं, पण आमचा भाग सीमेवरचा, त्या कन्नडमध्ये आल्या. हसऱ्या डॉक्टरांच्या, विम्याच्या, केस गळलेल्या बायकांसाठी टोपांच्या. सातवीची प्रश्नपत्रिका शोधायला गेले तर बाजूला टोप. ज्वारीच्या आंबोळ्या बघायला गेले तर वर डॉक्टर. मी अजून स्वतःच्या आरशाला सांगितलं नव्हतं ते या लोकांनी परस्पर कुणाकुणाला विकलं होतं, आणि मलाच गिऱ्हाईक समजून माझ्या दारात उभे होते.

शाळेत संगणक शिकवणाऱ्या बाईंना मी एवढंच सांगितलं की जाहिरातींनी उबग आणलाय. त्यांनी मला दुसरा ब्राउझर घालून दिला. तो खातं मागत नव्हता, पाठलाग करणाऱ्यांना दारातच अडवत होता, आणि बंद केला की झालं गेलं सगळं पुसून टाकत होता. सुरुवातीला त्याने वैताग दिला. सरकारी पानं अर्धवट उघडायची, बँक दर वेळी तुम्ही कोण म्हणून विचारायची. पण तुम्ही कोण हा प्रश्न इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं, आणि मला तो आवडायला लागला. डॉक्टर कोण, तपासणी कशी करतात, हे पुढचं सगळं मी त्यातच बघितलं.

जुन्यात विचारलेलं मात्र तसंच राहिलं. ते पुसायचं असतं हे बाईंनी सांगितलं नाही, कारण माझा मोबाईल भावाच्या खात्यावर चालतो हे त्यांच्या स्वप्नातही आलं नसतं. आणि ते सांगण्यासारखं आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

निपाणीची माणसं आली तो रविवार होता. मुलगा, त्याचे आईवडील आणि काका. पाहुण्यांशी बोलता यावं म्हणून अण्णाने माग बंद ठेवले होते. पोहे झाले, चहा झाला, भाचीने सगळ्यांना नमस्कार केला. मुलाची आई साड्यांबद्दल विचारायला लागली तशी अण्णाची कळी खुलली. नवे काठ दाखवतो म्हणून त्याने पुढच्या खोलीतला कॉम्प्युटर चालू केला, तो मोठा पडदा त्याने गिऱ्हाइकांसाठीच घेतलेला आहे, आणि तोही त्याच खात्यावर चालतो. त्याने शोधायच्या चौकटीत क्लिक केलं आणि खाली सातही मोबाईलांवर आधी शोधलेल्याची यादी उलगडली. त्यात तीन ओळी माझ्या होत्या.

अण्णाला चष्म्याशिवाय वाचता येत नाही, तो चष्मा चाचपत राहिला. मुलाच्या आईला येत होतं. तिने तिन्ही ओळी वाचल्या, ओठ हलवत. मग तिने भाचीकडे बघितलं आणि नंतर माझ्याकडे, कारण त्या खोलीत आत्या मी एकटीच होते. साड्या बघायच्या राहून गेल्या. कळवतो म्हणून ते लोक उठले, अगदी नम्रपणे.

ते गेल्यावर अण्णाने चष्मा लावून ते वाचलं आणि म्हणाला, "माझ्या खात्यात असली घाण कशाला लिहिलीस गं?"

गाठ आहे का, कधीपासून आहे, दुखते का, यातलं त्याने काही विचारलं नाही. स्वयंपाकघरात वहिनीने विचारलं, तेही खालच्या आवाजात, की आमच्या पोरीला तर हे व्हायचं न्हाय न्हवं. मी तिला म्हटलं, मलाही तेच विचारायचं होतं, म्हणून तर लिहिलं.

तरी तपासणीला अण्णाच आला, हे सांगायला हवं. माग बंद ठेवून तीन दिवस माझ्याबरोबर बाकड्यावर बसला, मला ताक आणून दिलं, सुई टोचताना दाराबाहेर उभा राहिला. चौथ्या दिवशी रिपोर्ट आला. साधी गाठ, भ्यायचं काही नाही. कागद आधी त्याच्या हातात पडला. त्याने चष्मा लावून वाचला, डोळे पुसले, आणि तिथेच वऱ्हांड्यात उभं राहून त्याचा फोटो काढला. मला वाटलं वहिनीला पाठवतोय. त्याने तो निपाणीला मुलाच्या काकांना पाठवला, आणि काकांनी तो त्यांच्या घरच्या ग्रुपवर टाकला. माझं नाव, वय, अविवाहित, डावा स्तन, गाठीची लांबी-रुंदी. काकांचं उत्तर आलं, एक अंगठा आणि दोन जोडलेले हात.

"जमलं बघ," अण्णा मला मोबाईल दाखवत म्हणाला. "तुझ्या रिपोर्टानं काम केलं."

तो इतका खूश होता की मला त्याच्यावर ओरडता आलं नाही. मी त्या दवाखान्याच्या मोरीत जाऊन ओकले. कुठल्या तरी परक्या कंपनीने माझी गाठ टोप विकणाऱ्यांना विकली म्हणून मी महिनाभर तळतळत होते. माझ्या भावाने ती फुकट वाटली. त्या कंपनीला निदान लपूनछपून करावं लागतं, आमच्याकडे त्याला माया म्हणतात.

साखरपुडा झाला. मला कुंकू लावताना मुलाच्या आईची नजर माझ्या ब्लाऊजच्या डाव्या बाजूवर जाऊन थांबली. मग चार बायकांच्या देखत ती म्हणाली की आता काही न्हाय न्हवं, पण दर वर्षी दाखवत जावा. बायकांनीही तिकडेच बघितलं. मी पदर ओढून घेतला, आणि ओढून घेतला याचाच मला संताप आला. भाची माझ्याशेजारी बसली होती. तिने मान वर केली नाही.

पंधरा दिवसांनी दुपारी ती माझ्याकडे टिळकवाडीला आली. एकटीच, घरी न सांगता. मी चहा केला तो तिने तसाच निवत ठेवला आणि माझा मोबाईल मागितला.

"आत्ती, बंद केलं की सगळं पुसतंय म्हणालीस ते उघडून दे. माझ्या मोबाईलात आप्पांचं खातं हाय." अण्णाला ती आप्पा म्हणते.

काय बघायचंय, मी विचारलं.

"साखरपुडा झाल्यावर लगीन मोडायचं असलं तर काय करायचं, ते."

तिने मग स्वतःच सांगितलं. मुलाने तिलाही तपासून घ्यायला सांगितलं होतं. आईला काळजी वाटते, म्हणाला होता. रिपोर्ट आला की फोटो काढून आधी मला पाठव, मग मी सगळ्यांना पाठवतो, असंही. हे सांगताना ती रडली नाही, फक्त ओढणी पुन्हा पुन्हा नीट करत राहिली.

मी मोबाईल उघडून तिच्या हातात दिला आणि आत निघून गेले, म्हणजे तिला माझ्यासमोर लिहायला लागू नये. पण देण्याआधी मी तो हातात धरून थोडा वेळ थांबले होते. त्या थोड्या वेळात माझ्या मनात सगळ्यात पहिल्यांदा जे आलं ते असं, की अण्णाला फोन करून हे सांगायला पाहिजे.