अण्णा आणि पानामागची पानं

देवाने माणसाला डोळे डोक्याच्या मागच्या बाजूला दिले असते, तर आमच्या ऑफिसातल्या अण्णांनी पुढचेही मागून घेतले असते, आणि मिळाल्यावर ते खरोखर बसवलेत की नुसते रंगवलेत हे आधी बोट लावून पाहिलं असतं. समोर दिसतं त्यावर विश्वास ठेवणारा माणूस अण्णांच्या मते एक तर लहान मूल असतो, नाही तर नवा जावई. चहा आला की ते बशी उलटी करून बघत. लग्नपत्रिका मागून वाचायला सुरुवात करत; खाली आग्रहाचं निमंत्रण करणारे कोण कोण आहेत हे कळेपर्यंत नवरानवरीच्या नावाशी त्यांना काही कर्तव्य नसे. नवा सदरा पहिल्या दिवशी घरात उलटा घालून बसत, कारण शिलाई आतून कळते. आणि एसटीत चढण्याआधी गाडीभोवती एक पूर्ण फेरी मारत. एकदा देवणीला जाताना कंडक्टर कंटाळून म्हणाला, "काय अण्णा, गाडी विकत घ्यायची का?" अण्णा शांतपणे म्हणाले, "घ्यायची न्हाई म्हणूनच बघूलालोय. घेणारा कुठं बघतो."

अण्णा मूळचे देवणीकडचे. सरकारी पशुवैद्यकीय खात्यातून निवृत्त झाले आणि लातूरच्या आमच्या संस्थेत नोंदी तपासायला येऊन बसले. संस्था देवणी जनावरांची वंशावळ ठेवते: कोणाची गाय, कोणत्या वळूची, किती वेतं झाली, लस कधी टोचली. या सगळ्यासाठी अण्णांनी स्वतः आखलेला एक कागदी फॉर्म होता. टेबलावर पसरला की टेबल दिसत नसे, पण सगळं एकाच बाजूला. मागची बाजू कोरी, आणि त्या कोऱ्या बाजूवर अण्णा स्वतःच्या हाताने एक तिरकी रेघ ओढत. "कोरी जागा म्हंजी आवतन हाय," ते म्हणत. "आज न्हाई तर उद्या कुणीतरी तिथं काहीतरी लिहिणारच."

मी माहूरची. गडाच्या पायथ्याशी वडिलांचं ओटीच्या सामानाचं दुकान. नववीनंतर माझी शाळा सुटली आणि मी त्या दुकानात बसले, ती लग्न होऊन लातूरला येईपर्यंत बसलेलीच होते. लातूरला कॉम्प्युटरचा कोर्स केला. संस्थेत तात्पुरती टायपिंगला लागले, हात भरभर चालतो म्हणून राहिले, आणि एक दिवस संस्था चालवणाऱ्या मॅडमनी मला ऑपरेटरच्या कायमच्या जागेवर घेतलं. त्या जागेला दहावी पास लागते हे मला नंतर कळलं. अर्जात शिक्षणाच्या रकान्यात मी फक्त कोर्सचं नाव लिहिलं होतं. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. म्हणजे खोटं बोलले नव्हते, पण खरंही कुठे बोलले होते. ज्या संस्थेने मला खुर्ची दिली तिच्याबद्दल मनात एवढं होतं की रोज सकाळी आधी टेबल पुसायची आणि मग बसायची. आणि त्या खुर्चीच्या अगदी शेजारच्या खुर्चीवर लातूर जिल्ह्यातला सगळ्यात संशयी माणूस.

अण्णांचा संशय काय चीज होती ते मी पहिल्याच महिन्यात पाहिलं. एक शेतकरी वळू नोंदवायला घेऊन आला. अंग पांढरं शुभ्र, तोंड बाजूने काळं, म्हणजे वानेरा. बघत राहावं असं जनावर. शेतकऱ्याने ते भिंतीला लागून उभं केलं होतं. अण्णा म्हणाले, "फिरव." शेतकरी म्हणाला, "अण्णा, लई तापट हाय, फिरवलं की बिथरतंय." अण्णा भिंत आणि वळू यांच्यामधल्या वीतभर फटीत स्वतः शिरले. पलीकडून आवाज आला, "पाव्हणं, इकडनं ह्यो शेवरा हाय की." दुसऱ्या अंगावर काळे ठिपके होते. शेतकरी ओशाळून म्हणाला, "तेवढं मांडू नगा." अण्णांनी दोन्ही बाजू मांडल्या. वळूची नोंद झाली, फक्त खऱ्या रंगाने. बाहेर आल्यावर सदऱ्याला लागलेलं शेण झटकत ते मला म्हणाले, "लबाड नव्हता गं तो. आपलं चांगलं तेवढं पुढं करून उभा होता. समदेच तसं उभं राहत्यात." त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

पुढे कागद जाऊन कॉम्प्युटर आला आणि फॉर्म बनवायचं काम माझ्याकडे आलं. मी अण्णांचा कागद जसाच्या तसा पडद्यावर उतरवला. तो इतका लांब झाला की वरून मालकाचं नाव भरून खाली दुधापर्यंत पोचता पोचता गाय आटेल, असं गावोगाव फिरणारे आमचे नोंदणीवाले म्हणू लागले. मॅडम म्हणाल्या, याचे टॅब कर. मी व्हिडिओ बघून बघून शिकले. फॉर्मच्या माथ्यावर पाच छोट्या पट्ट्या आल्या: मालक, जनावर, आईबाप, लस, दूध. जी पट्टी दाबाल तिचं पान पुढे, बाकीची मागे. एका पडद्यात सगळं बसलं. मला स्वतःचाच इतका अभिमान वाटला की घरी फोन करून आईला सांगितलं, आणि तिला एक अक्षर कळलं नाही तरी ती रडली.

अण्णांना दाखवलं. ते बराच वेळ बघत राहिले.

"बाकीची चार पानं कुठं गेली?"

"मागे आहेत, अण्णा."

"कशाच्या मागं?"

"या पानाच्या."

अण्णा उठले आणि मॉनिटरच्या मागे जाऊन बघून आले. ते खुळे नव्हते. तिथे तारांशिवाय काही नसणार हे त्यांना ठाऊक होतं. पण ठाऊक असणं वेगळं आणि बघितलेलं असणं वेगळं. परत बसून म्हणाले, "म्या जन्मभर एका बाजूला मांडलं, तू पाच बाजू केल्यास. आन् चार झाकून ठेवल्यास. कामून?"

"झाकल्या नाहीत हो. सोय करून राहिली मी."

"करून राहिली," त्यांनी माझ्या माहूरकडच्या बोलण्याची नक्कल केली. "तू करून राहा, मी बघूलालोय."

आणि ते खरोखर बघू लागले. दुसऱ्या पानावर काही भरलं की परत पहिल्यावर जात, मालक अजून तिथेच आहे ना हे बघायला. "पाठ फिरली की बदलत न्हाईत ना हे?" असं विचारत. जेवणाची सुट्टी झाली तरी एक बोट आईबापाच्या पट्टीवर धरून बसलेले. सगळे हसायचे. मीही हसायची, पण जरा बेतानेच.

हसणं तीन आठवडे टिकलं. मग उमरीकडच्या एका गावातून नोंदी आल्या, साठ-सत्तर गायींच्या, आणि अण्णांनी सवयीने प्रत्येक गायीची पाचही पानं उघडली. मालक भरलेला, जनावर भरलेलं, त्यापुढे कोरं. मालक भरला की जनावराचं पान आपोआप पुढे येई, बाकीची पट्टी दाबल्यावरच; नोंदणीवाला समोर आलं तेवढं भरून 'जतन करा' दाबून पुढच्या गोठ्यात गेला होता. त्याला विचारलं तर म्हणाला, "पुढं आजून हाय हे मला काय माहीत? पान भरलं, संपलं." त्याची चूक म्हणावी तर ती माझी होती. अण्णा खुर्चीला टेकले. "अख्ख्या गावात एकाबी गायीला आई न्हाई न् बाप न्हाई," ते म्हणाले. "अनाथाश्रमच काढा आता."

आता हे मॅडमकडे जातील, असं वाटलं. ते गेले नाहीत. खुर्ची ओढून म्हणाले, "पानं ऱ्हाऊ दे. लोकास्नी आवडल्यात. पर मागं काय ऱ्हायलंय ते पुढं लिही." मी दोन दिवस डोकं लढवलं. मग प्रत्येक पट्टीवर नावापुढे आपोआप आकडा येऊ लागला: आईबाप, दोन रिकामे, लस, तीन रिकामे. रिकामं असेल तोवर पट्टी लाल. अण्णांनी सगळ्या लाल पट्ट्या एकदा बोटाने मोजल्या आणि म्हणाले, "आता जमूलालंय." एवढी स्तुती त्यांनी आजवर फक्त एका वळूची केली होती.

मॅडमना ते इतकं पसंत पडलं की त्या म्हणाल्या, आपल्या माणसांचे फॉर्मही असेच कर. संस्थेला अनुदान देणाऱ्यांकडून लोक तपासणीला येणार होते. प्रत्येक कर्मचाऱ्याचं पान पूर्ण हवं होतं. मी सगळ्यांची माहिती भरली. शिपाई, ड्रायव्हर, मॅडम स्वतः, सगळ्यांच्या पट्ट्या पांढऱ्या झाल्या. शेवटी माझं पान उरलं, आणि त्यावर मीच शिकवलेला आकडा मला दिसला: शिक्षण, एक रिकामे. लाल.

दुपारची सुट्टी होती. खोलीत कुणी नव्हतं. तो आकडा माझ्यापुरता काढून टाकणं मला सहज येत होतं. 'दहावी' ही तीन अक्षरं लिहिणं त्याहून सोपं होतं. मी पहिलं अक्षर टाइप केलंही. तेवढ्यात डबा धुऊन अण्णा आले आणि माझ्या पाठीमागे उभे राहिले.

"कुणाचं पान?"

"माझं."

"लाल दिसूलालंय."

मी टाइप केलेलं अक्षर पुसलं. ते बसले. डबा पुसता पुसता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "आठवी का नववी?"

मी कीबोर्ड दूर सरकवला. "नववी. तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोण सांगणार? तीन वर्सं शेजारी बसलोय, माय. कुणाच्या लेकराचा बोर्डाचा निकाल निघाला की तू पाणी प्यायला उठतीस. परवा एका निकालाला दोनदा उठलीस."

"मग बोलला का नाहीत?"

"शक होता. शकावर कुणाचं नाव घेऊ ने." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "शक आपल्यापाशी ठेवायचा, न् बघत ऱ्हायचं."

हा माणूस तीन वर्षं माझ्याकडे बघत होता, हे मला तेव्हा कळलं; आणि मी त्याला इतकी घाबरत होते तरी एकटी नव्हते, हेही. त्यांनी कीबोर्ड माझ्याकडे सरकवला. मी 'नववी पास' लिहिलं. पट्टी पांढरी झाली. "चल," अण्णा म्हणाले, "तपासणीवाल्यांच्या आधी मॅडमला आपुनच दाखवू."

मॅडमनी ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, पण बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत राहिल्या. नियम नियम होता. शेवटी म्हणाल्या, "तपासणीत मी जे आहे ते सांगेन. पुढच्या तपासणीपर्यंत दहावी झाली तर जागा तुमची, नाही तर मला दुसरं माणूस घ्यावं लागेल." मग अण्णांकडे वळून, "तुम्ही हिची हमी घेता का?"

अण्णांनी उभ्या आयुष्यात कुणाची हमी घेतली नव्हती. सख्ख्या भावाच्या सोयरिकीत, मुलगी कशी आहे विचारल्यावर, "मी एकदाच बघितलीय, ती बी बसलेली," असं सांगितलेला माणूस. ते म्हणाले, "हमी मी माझीबी घेत न्हाई, मॅडम. पर हिचं काम मी पुढनं न् मागनं बघितलंय."

मी बाहेरून परीक्षेला बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. तो अण्णांनी चार वेळा तपासला. त्यानंतर रोज दुपारी मला धडे विचारत, आणि उत्तर बरोबर आलं की पुस्तक ओढून घेत, "पाठ केलंस का कळलंय?" म्हणून तेच उलटं विचारत. मार्चच्या परीक्षेत पाच विषय निघाले. गणित राहिलं. त्याच सुमारास अण्णांचे गुडघे गेले आणि मुलाने त्यांना नांदेडला नेलं. जाताना ऑफिसात सगळे काहीबाही बोलले. अण्णा मला एवढंच म्हणाले, "भूमितीत आकृती काढ आधी. आकृती न काढता उत्तर लिहिणाऱ्यावर माजा इस्वास न्हाई."

पुरवणी परीक्षेच्या आधी माहूरला चालले होते, तेव्हा वाटेत नांदेडला उतरले. अण्णा पलंगावर बसले होते, पायावर चादर. मला बघून पहिला प्रश्न, "किती मार्कांनी गेलं होतं?" मग अर्धा तास त्रिकोण. एक चुकला. "हे असं असंल तर अवघड हाय," ते म्हणाले आणि त्यांनी डोळे मिटले. मी पुस्तक पिशवीत घातलं. धीर द्यायचा असतो हे त्यांना कोणी कधी शिकवलंच नव्हतं, आणि मला तो हवा होता हेही मी तिथे बसेपर्यंत मला माहीत नव्हतं.

सूनबाई मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. खालच्या मजल्यावरच्या आजी दारात भाजी निवडत बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "हीच का ती, लातूरची? दहावीला बसलेली?" मी बावरले. सूनबाई हसून म्हणाल्या, "मामंजी सगळ्या बिल्डिंगीला सांगतात. आमची एक पोरगी हाय लातुरात, गणितात निघणार म्हंजी निघणार. दूधवाल्याशी तर भांडले, तो 'बघू' म्हणाला म्हणून. तुम्हाला नाही का बोलले?"

नाही बोलले, मी म्हटलं.

माहूरची गाडी उभीच होती. खिडकीपाशी जागा मिळाली. परीक्षा अकरा दिवसांवर होती. गाडी सुरू व्हायच्या आधी मी वही काढली, चुकलेला त्रिकोण पुन्हा काढला आणि त्याच्या तिन्ही कोनांना नावं दिली.