उजव्या रिकिबीचा पट्टा

झुल्मा एचेवेरी ही आमच्या गावची सोनोग्राफीची डॉक्टर. उरुग्वेतल्या ताकुआरेंबो जिल्ह्याच्या या टोकाला दुसरी नाही, आणि असती तरी मी तिला विचारलं नसतं. एकोणीस वर्षं मी झुल्माच्या खोलीच्या दारात बसून पेशंटची नावं पुकारतेय. मी तिची बाजू घेणार, हे आधीच सांगून टाकते.

तिचे वडील खोगिरं शिवायचे, आता भाऊ शिवतो. हॉस्पिटलातून सुटली की ती आधी त्याच्या दुकानात जाते, दोघं एकाच नळीने माते, आमचा कडू पाल्याचा चहा, ओढत बसतात, मग घरी. सर्टिफिकेटांच्या भिंतीपेक्षा त्या चामड्याच्या वासात ती जास्त शिकली, असं माझं मत आहे.

तपासायची तिची रीत वेगळी. बाकीचे डॉक्टर पेशंटला आडवं करून ‘हलू नका’ म्हणतात. ही म्हणते, ‘हला! ज्यानं दुखतं ते करून दाखवा.’ एका बाईला तिनं माझ्यादेखत खोलीची फरशी पुसायला लावली होती. बाईचं दुखणं सापडलं आणि फरशीही स्वच्छ झाली.

मे महिन्यात तिच्याकडे अनिबाल सिल्वेरा आला. सत्तरीला टेकलेला, पण अर्ध्या जिल्ह्याचे घोडे त्यानंच माणसाळवलेले. मार्चच्या घोडेस्वारांच्या मिरवणुकीत गावाचं निशाण घेऊन सगळ्यांच्या पुढे चाळीस वर्षं तोच. मागच्या वर्षी राजधानीत, मोंतेविदेओला, त्याचा डावा खुबा बदलला आणि तेव्हापासून जांघेत कळ यायला लागली. यंदाच्या मिरवणुकीत तो ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत, शाळेच्या बाईंशेजारी, टोपी डोळ्यांवर ओढून बसला होता. निशाण त्याच्या पुतण्यानं धरलं.

एक्स-रे चांगला, रक्ताचे रिपोर्ट चांगले. ज्यांनी ऑपरेशन केलं त्या डॉ. बेरुत्तींनी चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘सांधा उत्तम. पेशंट घाबरतो.’ घाबरतो! अनिबाल सिल्वेरा! मला ती चिठ्ठी चुरगाळून चुलीत घालावीशी वाटली.

झुल्मानं त्याला झोपवून खुब्यावरून सोनोग्राफीचा प्रोब फिरवला.

“पाणी साचलेलं नाही, पू नाही. कधी दुखतं, दॉन अनिबाल?”

“चालताना.”

“मग चाला.”

तो खिडकीपर्यंत जाऊन आला. चेहऱ्यावर रेघसुद्धा हलली नाही.

“आज नाही दुखत,” तो म्हणाला आणि टोपी घेऊन गेला.

त्या दिवशी झुल्मा धुसफुसतच भावाच्या दुकानाकडे गेली. निदान हुकलं की ती अशीच होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली ती खांद्यावर खोगीर टाकून.

“इल्दा, ओळख कुणाचं.”

“दॉन अनिबालचं. दुरुस्तीला आलंय का?”

“पट्टे बघ.”

आमच्याकडे माणूस घोड्यावर डावीकडूनच चढतो. सगळा भार डाव्या रिकिबीवर येतो, म्हणून डावाच पट्टा ताणला जातो. या खोगिराचा उजवा पट्टा दोन बोटं लांब झाला होता. माझ्या लक्षात आलं. हा माणूस कुणी बघत नसताना, गोठ्यामागे, उजवीकडून चढत होता! इथला पुरुष एक वेळ बायकोला फसवल्याचं कबूल करील, पण घोड्यावर चढता येत नाही हे त्याच्या तोंडून निघायचं नाही. म्हणून त्यानं प्रत्येक डॉक्टरला ‘चालताना’ सांगितलं आणि प्रत्येक डॉक्टर चालण्यातच शोधत बसला.

तिनं त्याला बोलावून घेतलं. खोलीत लाकडी घोडीवर आपलंच खोगीर बघून त्याचा चेहरा उतरला.

“ही काय थट्टा?”

“थट्टा नाही. डावा पाय रिकिबीत घाला.”

“या बाईसमोर? ती बाहेर जाऊ दे.”

“इल्दा वायर धरणार आहे. तिनं तुम्हाला ट्रॉलीत बघितलंय, आता आणखी काय बघायचं राहिलंय?”

त्यानं खोगिराला हात टेकला. झुल्मानं जांघेवर जेल लावून प्रोब दाबून धरला. पाय वर गेला आणि पडद्यावर मलाही दिसलं. स्नायूची जाड दोरी सरकत आली, नव्या सांध्याच्या धातूच्या वाटीच्या कडेला अडकली आणि टक्कन उडाली. त्याच क्षणी अनिबालनं अशी शिवी हासडली की बाहेरच्या बाकावरचे लोक गप्प झाले.

“सापडलं!” झुल्मा म्हणाली. “वाटीची पुढची कड जराशी बाहेर राहिलीय. पाय एवढा उंच नेला की स्नायू तिच्यावर घासतो. चालताना एवढा उचलतं कोण?”

“म्हणजे मी घाबरट नाही?”

“घाबरट नाही. खोटारडे आहात.”

मग पडद्यावर बघत तिनं नेमकं त्या दोरीच्या कडेला बधिर करायचं औषध सोडलं. दहा मिनिटांनी म्हणाली, “आता घाला पाय.” पाय अलगद वर गेला आणि रिकिबीत बसला. तो तसाच उभा राहिला, एक पाय जमिनीवर, एक रिकिबीत, आणि खोगिरावर कपाळ टेकून रडला. मी वायर धरून भिंतीकडे बघत राहिले.

बेरुत्तींना तिनं चित्रफीत पाठवली आणि फोन केला.

“खोगीर? हॉस्पिटलात?” ते दोनदा म्हणाले. मग चित्रफीत पुन्हा बघून म्हणाले, “पाठवा त्यांना. सांधा उघडायची गरज नाही, तेवढी दोरी मोकळी करतो. आणि डॉक्टर, ती चिठ्ठी फाडून टाका.” माणूस दिलदार निघाला, हेही सांगायला हवं.

पुढच्या मार्चला मिरवणूक हॉस्पिटलच्या फाटकासमोर आली. निशाण घेऊन पुढे अनिबाल. फाटकाशी त्यानं लगाम खेचला, मागचे दोनशे घोडे थांबले. त्यानं निशाण पुतण्याच्या हातात दिलं, खाली उतरला आणि गर्दीत झुल्माला शोधलं. ती दिसल्यावर घोड्याच्या डाव्या बाजूला उभा राहिला, डावा पाय रिकिबीत घातला आणि साऱ्या गावादेखत मांड टाकली.

माझे डोळे वाहत होते. माझी डॉक्टर! असं मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितलंसुद्धा. झुल्मा मात्र घोड्याच्या कुशीकडे टक लावून बघत होती.

“इल्दा,” ती म्हणाली. “भावाला सांगायला हवं. आता पुन्हा डावा पट्टा ताणणार.”