फुलपाखराचं खोटं गाव

हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही, आणि तो तर माझं सगळं ऐकून घेणारा माणूस. तुम्हाला सांगते — पण जरा आडवळणानं येऊ द्या मला.

मी नगरच्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते. फुलपाखरांचा नाद मला सरांनी लावला. माझ्याआधी तोच विषय ते शिकवायचे. रविवारी चर्च सुटलं की आम्ही चारपाच जण त्यांच्या घरी जमायचो, त्यांच्या पत्नी मार्थाकाकूंच्या हातचा चहा प्यायचा आणि काचेच्या पेट्या बघत बसायचं. सरांचे नियम दोनच. "मारायचं न्हाई, अन् मेलेल्याचं गाव खोटं सांगायचं न्हाई." आपसूक मेलेलं मिळालं तरच उचलायचं, त्रिकोणी घडीच्या कागदात जपून आणायचं, आणि कुठे मिळालं ते खरं सांगायचं. गावच खोटं असेल तर पेटीत उरतं काय? नुसते रंगीत पंख.

मला फुलपाखरं मिळायची ती शनिशिंगणापूरच्या पार्किंगमध्ये. हसू नका. शनिवारी तिथे लांबलांबच्या गाड्या येतात आणि त्यांच्या पुढच्या जाळीत वाटेतली फुलपाखरं अडकलेली असतात. मंडळी तेल वाहायला गेली की मी चिमटा घेऊन गाड्यांपुढे वाकायची. "मॅडम, गाडी गरम झाली का बगताय व्हय?" ड्रायव्हर चेष्टा करायचे. सरांकडची मंडळीही मला 'जाळीवाली बाई' म्हणायची. ते सगळे डोंगरात हिंडणारे, मी पार्किंगमधली. मला ते लागायचं — सांगूनच टाकते, फार लागायचं.

एकदा कारवारकडून आलेल्या बसच्या जाळीत ते मिळालं. काळे पंख, त्यांवर निळसर हिरवा पट्टा, कुठे एक कोपराही फाटलेला नाही. तिकडच्या ओल्या जंगलातली जात. आपल्या जिल्ह्यात ती कुणी कधी पाहिलेली नव्हती. रविवारी मी कागद उलगडला तेव्हा सगळे पुढे सरकले. सरांनी ते तळहातावर घेतलं आणि नेहमीसारखं विचारलं, "गाव कोणतं याचं?"

मी म्हटलं, भंडारदऱ्याच्या वर, ओढ्याकाठी.

का म्हटलं? त्या खोलीत मला 'जाळीवाली' म्हणून हसणं थांबावं म्हणून. तेवढ्यासाठीच, दुसरं काही नाही. सरांनी उठून माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्याच वेळी बोलायला हवं होतं, पण मी खाली मान घालून चहा प्यायले.

मग सरांनी ध्यासच घेतला. पाऊस ओसरला की दर वर्षी ते फुलपाखरू जिवंत बघायला भंडारदऱ्याला निघायचे. आणि — इथे माझी जीभ अडखळते — मीही सोबत जायची. वाट दाखवायला. कशाची वाट? "इथंच का गं?" असं त्यांनी विचारलं की मी एखाद्या झुडपाकडे बोट करायची. कधी तर "नाही सर, जरा वर" असंही म्हणायची. ते ओढ्याकाठी टक लावून बसायचे आणि मी शेजारी तशीच टक लावून बसायची. घरी आलो की काकू विचारायच्या, "घावलं का?" सर म्हणायचे, पुढच्या वर्षी. सोंग वठवायला मला कधीच जड गेलं नाही, याची मला आज जास्त लाज वाटते.

एका वर्षी त्याच ओढ्यात ते शेवाळावरून घसरले आणि खुबा मोडला. मग डोंगर सुटला, पुढे अंगणही सुटलं. काकूंनी मला कधी बोल लावला नाही. उलट म्हणायच्या, "त्या पाखरापायी म्हातारा मोडला, पर लई आनंद दिलास गं तू त्याला." हे मी ऐकून घेतलं. एकदा नाही, पुष्कळदा.

अगदी शेवटच्या दिवसांत सरांनी मला ते फुलपाखरू लावलेली पेटी खाटेजवळ आणायला सांगितली. काकू स्वयंपाकघरात होत्या, खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी काचेवर बोट ठेवलं, नेमकं त्याच्यावर, आणि बराच वेळ तसंच ठेवलं. सांगायला याहून सोपी वेळ मला मिळणार नव्हती, हे तेव्हाही कळत होतं.

"मला न्हाई दिसलं," ते म्हणाले. "पर हाय ना गं आपल्याकडं?"

"आहे, सर," मी म्हणाले.

ते हसले आणि डोळे मिटून पडून राहिले. ते गेल्यावर काकूंनी ती पेटी मलाच दिली. ती माझ्या घरी भिंतीवर आहे. मधोमध ते फुलपाखरू आहे, आणि कुणी गाव विचारलं तर मी अजून भंडारदराच सांगते.