देवीला दिलेला पाऊण तास

बेटावर किती वेळ थांबायचं हे आमच्या घरात थोरले दीर ठरवतात. बेटच कशाला, किल्ला, धबधबा, लग्न, मयत, कुठं किती वेळ थांबायचं ते त्यांनी निघायच्या आधीच ठरवलेलं असतं. फौजेतून सुभेदार म्हणून रिटायर होऊन सांगलीत आले तेव्हापासून त्यांना हुकूम द्यायला माणसं कमी पडतात, म्हणून ते आम्हाला सहलीला नेतात. अंदमानला त्यांनी एका दिवसात तीन बेटं उरकली होती. त्यातलं एकही मला आठवत नाही. आठवतो तो बोटीच्या डिझेलचा वास आणि जाऊबाईंच्या ओल्या टिश्यूंचा लिंबाचा वास, आणि त्या दोन्हींत डिझेल बरं होतं.

तिथूनच मला 'पॉइंट' या शब्दाची शिसारी बसली. पॉइंट म्हणजे जिथं उतरायचं, फोटो काढायचा, काहीतरी खायचं, खाल्लेल्याचा कागद तिथंच टाकायचा आणि 'झाला हा' म्हणून परत चढायचं. दिरांच्या तोंडी हा शब्द आला की माझं डोकं उठतं. त्यामुळे त्यांनी कोयनेच्या बेटाचा उल्लेख 'पॉइंट नंबर दोन' असा केला तेव्हा मी हातातलं लाटणं खाली ठेवलं. कारण ते बेट म्हणजे माझ्या सासूबाईंचं माहेर होतं.

सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्या लहान असताना कोयनेचं धरण झालं आणि त्यांचं गाव उठलं. उठलेलं गाव इकडं कवठे महांकाळच्या बाजूला, माळावर येऊन बसलं. जावळीच्या पावसात वाढलेली माणसं, इथं घागरभर पाण्यासाठी भांडायला शिकली. येताना सगळ्यांनी आपापले देव पाटीत घालून आणले. एकटी एक देवी आली नाही.

ती गावावरच्या डोंगराच्या माथ्यावर होती. आत्यांचे वडील तिचे पुजारी. गाव सोडण्याआधी त्यांनी तिला कौल लावला. फुलाची पाकळी पाण्यात भिजवायची, देवीच्या दगडाला चिकटवायची आणि विचारायचं. पाकळी तिच्या उजव्या अंगाला पडली तर हो, डाव्या अंगाला पडली तर नाही. 'येतीस का आमच्यासंगं?' असं त्यांनी विचारलं आणि पाकळी डावी पडली. मग गाव तिला तिथंच ठेवून निघालं. पाणी चढलं, घरं बुडाली, डोंगराचा माथा तेवढा वर राहिला. पाणी भरलेलं असतं तोवर ते बेट असतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की परत डोंगर होतो.

आत्यांनी आमच्याकडे कधी पाटल्या मागितल्या नाहीत की काशीला न्या म्हटलं नाही. त्यांचं मागणं एकच होतं. मरायच्या आधी एकदा तिला परत विचारायचं. तिला कौल लावणारं त्या घरातलं दुसरं कोणी आता उरलं नव्हतं.

तर माहेरच्या त्या नव्या गावानं देवीसाठी देऊळ बांधलं. भाचा म्हणून दीर त्यात पुढे झाले आणि मग सगळ्यांच्या पुढे गेले. आतून बाहेरून न्हाणीघरासारख्या टाइल्स, गाभाऱ्यात पिवळे-हिरवे दिवे, दारावर दिरांचा छातीपर्यंतचा फोटो. प्रतिष्ठापनेचा दिवस ठरला, मांडववाला ठरला, कानठळ्या बसवणारे ते स्पीकरवाले ठरले, फ्लेक्स छापून आले. देवीला विचारायचं तेवढं राहिलं होतं.

त्यासाठी दिरांनी पाऊण तास काढला होता. साताऱ्यात नाश्ता, कासचं पठार, मग बेट, मग जेवण, मग पलीकडचे आणखी दोन पॉइंट, येताना कंदी पेढे.

"आवं भावजी," मी म्हटलं, "पाऊण तासात पाकळी नाही पडली तर?"

"का न्हाई पडनार? वल वाळली की पडतीया. त्यात काय हाय!"

आत्या शेंगा फोडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "माझ्या बाच्या येळंला दिवस मावळंस्तवर बसलं हुतं समदं गाव."

"आये, तवा लोकान्ला कामं नव्हती," दीर म्हणाले. मला तेव्हाच त्यांच्या डोक्यात शेंगांचं सूप घालावंसं वाटलं.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी आम्ही गेलो. दीर, जाऊबाई, माझा नवरा, मी आणि आत्या. आत्यांनी मांडीवर वेताची नवी पाटी घेतली होती. पाटीत तांदूळ, खण, नारळ आणि वर घडी घातलेली तांबडी शाल. उजवा कौल आला तर तिला आणायची म्हणून ती तयारी होती. पांढऱ्या शेवंतीची फुलं त्यांनी ओल्या फडक्यात गुंडाळली होती आणि गाडीत दर थोड्या वेळानं त्या फडक्याला हात लावून बघत होत्या. जाऊबाईंनी पाटीवरच चिवड्याचा पुडा ठेवला. मी तो उचलून त्यांच्या मांडीवर दिला.

बोटीची बाकं चिकट होती. कशानं, ते मी बघितलं नाही. पाणी मात्र सुंदर होतं, आणि त्याचाच मला जास्त राग येत होता. निळ्याशार पाण्यात वेफर्सच्या पिशव्या पोटावर पडून तरंगत होत्या. आत्या काठाला वाकून खाली बघत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, "आमची चिंच हितं कुटंतरी आसंल." जाऊबाईंनी त्यांना सेल्फीसाठी इकडं बघायला सांगितलं.

बेटाला बोट लागली. उतरायच्या जागी थर्माकोलच्या ताटल्यांचा खच. कोंबडीची हाडं, फुटलेल्या बाटल्या, एका बाळाचं वापरलेलं डायपर. चढावर जागोजाग गुटख्याच्या पिचकाऱ्या. वरून कुठल्याशा कंपूचा स्पीकर वाजत होता, आणि करवंदीच्या जाळीमागे एक दांडगा बाप्या आमच्याकडे पाठ करून निवांत उभा होता. आत्यांना ते दिसू नये म्हणून मी मधे गेले. त्यांना दिसलं होतं. त्यांनी पदर नाकाला लावला आणि चढत राहिल्या.

देवी म्हणजे गुडघ्याएवढा एक उभा दगड. शेंदूर उडालेला. मागच्या कातळावर कोणीतरी रंगानं बदाम काढून त्यात दोन नावं लिहिली होती. देवीच्या पायाशी बिस्किटांचे कागद आणि एक अर्धा खाल्लेला वडापाव, मुंग्यांनी भरलेला. आत्या खाली बसल्या आणि हातानं ते सगळं गोळा करायला लागल्या, जसं एखाद्या आजारी माणसाचं अंथरूण साफ करावं. मीही बसले. दीर घड्याळाकडे बघत म्हणाले, "सफाईत टाइम जातोय."

आत्यांनी देवीला अंघोळ घातली, खण ठेवला, नारळ ठेवला. मग एक पाकळी भिजवून दगडाच्या कपाळाशी लावली. "बाई, मी त्याची धाकली," त्या म्हणाल्या. "लय वर्सांनी आली. गाव तुझी वाट बगतंय. येतीस का?"

आणि आम्ही बसलो. कौलाला बसलं की दुसरं काही करायचं नसतं, पाकळीकडे बघत राहायचं. मला ते आवडलं. त्या घाणीत तेवढीच एक गोष्ट स्वच्छ होती. पाकळी हलत नव्हती. दिरांनी मोबाईल धरून गावाला थेट दाखवायला सुरुवात केली, रेंज गेली, पुन्हा आली, पुन्हा गेली. जाऊबाई चिवडा खायला लागल्या. नवरा चपला सांभाळत लांब उभा. खालून बोटवाल्यानं भोंगा वाजवला, मग परत वाजवला.

"पाऊन तास झाला," दीर म्हणाले.

"बस रं जरा," आत्या म्हणाल्या. त्यांची नजर दगडावरून ढळली नव्हती.

मग दीर उठले. नमस्कार करतो म्हणून देवीसमोर वाकले आणि त्यांच्या अंगठ्याचं नख त्या पाकळीला लागलेलं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. लागलं कसलं, त्यांनी ती कॅरमच्या सोंगटीसारखी उडवली.

"उजवा!" ते ओरडले. "उजवा कौल! आली, आये, देवी आली!"

"तुम्ही पाडलीत ती," मी म्हटलं. माझा आवाज माझ्याच कानाला कर्कश लागला. "लाज वाटत नाही?"

"वारं हुतं."

"पानसुद्धा हललं नाही इथं."

नवरा म्हणाला, जाऊ दे. आमच्या घरात कुणी काही भयंकर केलं की तो जाऊ दे म्हणतो. त्या क्षणी मला त्या दोघा भावांची सारखीच किळस आली.

आत्या मात्र शांत होत्या. त्यांनी पडलेली पाकळी उचलून तळहातावर घेतली. "कुटं पडली?"

"ही बग की, उजवीकडं."

"तुझ्या उजवीकडं," आत्या म्हणाल्या. "ती तुझ्याकडं तोंड करून बसलीया. तिचा उजवा हात कंचा?"

दिरांनी देवीकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. इतकं फसवायला निघालेला माणूस आणि देवाची उजवी बाजू कुठली तेही त्याला माहीत नव्हतं. दारावर फोटो लावून बसला होता. "मग परत लाव," ते म्हणाले, "पन पटकन."

"तुमी जावा," आत्या म्हणाल्या. "माझं व्हतंय तवर मी हितं हाय."

दिरांनी रागानं मला थांबायला सांगितलं, जसं काही मी जाणार होते. संध्याकाळी परत जाताना न्यायला येतो म्हणाले. उरलेले पॉइंट त्यांनी सोडले नाहीत.

आत्यांनी दुसरी पाकळी लावली. खाली इंजिन सुरू झालं, बोट वळली, आवाज लांब गेला. तो पुरता विरला आणि पाकळी पडली. आम्ही नीट बसलोही नव्हतो. ती देवीच्या उजव्या अंगाला पडली. तिच्या, आमच्या नाही.

"आत्या, हो म्हणाली," मी म्हटलं. मला रडू फुटलं. देवाधर्माचं मला फारसं काही नसतं, पण तेव्हा फुटलं.

आत्या हसल्या नाहीत, रडल्याही नाहीत. खाली पाण्याकडे बोट दाखवून सांगत गेल्या, तिथं ओढा होता, तिथं मळणीचं खळं, तिथं त्यांचा दरवाजा. तो स्पीकरवाला कंपू निघून गेला. ऊन कललं. दुपारभर ते बेट आमचं दोघींचं होतं, आणि त्यांना खरं म्हणजे एवढंच हवं असावं, असं मला वाटत राहिलं. मी पाटी पुढे ओढली, शाल उलगडली.

"नेऊया ना तिला?"

आत्यांनी माझ्या हातातून शाल घेतली आणि ती दगडाभोवती गुंडाळली, लहान मुलीला थंडीत गुंडाळतात तशी. टोकं मागं बांधली. मग तिच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाल्या, "तू व्हय म्हनलीस, तुजं लय उपकार. पन नगं येऊस, बाई. तितं तुला कोन पाऊन तास बी देनार न्हाई."

संध्याकाळी बोट आली. दीर काठावरूनच ओरडले, "काय झालं? पडली का?"

आत्या माझा हात धरून उतार उतरत होत्या. माझा हात त्यांनी जरा दाबला. "पडली," त्या म्हणाल्या.

"मग?"

"डावी."

"आसं कसं? मांडव ठरलाय!"

"सकाळी तुज्यासमोर डावी पडली. आता परत डावी. दोनदा न्हाई म्हनली ती." आणि दिरांच्या डोळ्यांत बघून त्यांनी विचारलं, "का सकाळची तिनं पाडली नव्हती?"

पाकळी आपणच उडवली असं सांगायला दिरांना तोंड नव्हतं. त्यांनी जाऊबाईंवर खेकसून घेतलं आणि बोटीत बसले. पुढे त्या देवळात त्यांनी दुकानातली संगमरवरी मूर्ती आणून बसवली. स्पीकर वाजले, फ्लेक्स लागले. आत्या गेल्या नाहीत. आज मी हे लिहितेय त्याची मला भीती नाही. दीर वाचायला घेतात तेव्हा आधी किती पानं आहेत ते बघतात आणि ठेवून देतात.

परतताना बोटीत आत्या माझ्या शेजारी बसल्या होत्या. रिकामी पाटी मांडीवर. त्यांच्या बापानं मागितलेला होकार त्यांना मिळाला होता आणि तो त्यांनी आपल्या हातानं परत दिला होता. बेट बारीक होईपर्यंत त्या ताठ बसल्या होत्या. ते दिसेनासं झालं तेव्हा त्यांनी पाटी तोंडावर धरली, आणि आतून आवाज यायला लागला. दिरांनी मागे वळून बघितलं. "बोट लागती तिला," ते म्हणाले आणि जाऊबाईंनी टिश्यू पुढे केला.