चिंचेनं घासलेलं इंजिन

स्कूटरच्या इंजिनचे लोखंडी भाग मी चिंच, मीठ आणि राखेनं घासले होते. देवाची पितळी भांडी घासतात तसे. त्या वयात मी स्वतःला फार हुशार समजत असे, त्यामुळे कुणाला विचारण्याचा प्रश्नच नव्हता.

आम्ही भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला शिवाजी नगरच्या एका शाळेत माझी मुलाखत होती. मास्तरीण व्हायचं वय निसटत चाललं होतं. पुढच्या वर्षी अर्जच भरता आला नसता. नेमका बस-टेंपोचा संप जाहीर झाला. म्हणून ह्यांनी दोन पावसाळे जिन्याखाली पडलेली स्कूटर उघडली. सिलिंडरवर वरवरचा तांबूस गंज धरला होता. "दुपारी आलो की रॉकेल आणि बारीक पॉलिश पेपरनं काढतो. हात लावू नकोस," असं बजावून हे पहिल्या पाळीला गेले.

हात लावू नकोस म्हटल्यावर माझे हात कुठले ऐकतात! नारळाच्या शेंडीनं सिलिंडर आतून-बाहेरून घासला, नळाखाली खळखळून धुतला, अंगणात जुन्या साडीवर उन्हात ठेवला. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "क्यों भाभी, स्कूटर है कि पूजा का लोटा?"

"चमक देखो!" मी ऐटीत म्हटलं.

जेवून येऊन पाहते तर चमक गेलेली. सगळं पुन्हा गंजलेलं, आधीपेक्षा जास्त. धुतलेलं लोखंड लगेच कोरडं करून तेल लावायचं असतं, हे बाईसाहेबांना कोण सांगणार? मग रॉकेल घेऊन बसले. पॉलिश पेपर फाटेपर्यंत घासलं, बोटांची सालं निघाली. डोळ्यांतलं पाणी सिलिंडरवर पडू नये म्हणून मान वाकडी करून रडले. तेवढी अक्कल तोवर आली होती.

हे आले. सिलिंडर उजेडाकडे धरून आत बघत राहिले. आतल्या गुळगुळीत भिंतीवर राखेचे ओरखडे उठले होते; म्हणजे आता इंजिनात दाब टिकणार नव्हता. रागावले असते तर बरं वाटलं असतं. ह्यांनी उरलेला गंज काढला, तेल लावलं, संध्याकाळपर्यंत इंजिन जोडलं.

सकाळी स्कूटर सुरू झाली. मी मनातल्या मनात पेढेही वाटले. पहिल्या मोठ्या चढावर ती खोकली आणि बंद पडली. किका मारमारून ह्यांचा शर्ट भिजला. शेवटी तिला एका पानटपरीपाशी सोडून आम्ही पायीच सुटलो. माझ्या नव्या चपलेचा अंगठा तुटला, मी अनवाणी धावले. शाळेपाशी पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. शिपायानं फाटकही उघडलं नाही. "मैडम, बाकी सब तो होके चले गए."

आम्ही परत पानटपरीपाशी आलो. ह्यांनी स्कूटरचं हँडल धरलं, माझ्या पायांकडे पाहिलं आणि म्हणाले, "इंजिन मी पुन्हा उघडीन. तू उद्यापासून सायकल शिकायची, आणि मी मागून धरणार नाही."