पुढ्यातून उचललेली पोथी

ओवी तोंडात अर्धी होती. सोसायटीचे सेक्रेटरी वाकले आणि त्यांनी माझ्या पुढ्यातली पोथी उचलली.

दादरची बिल्डिंग. तळमजल्यावरचा हॉल. सकाळचे नऊ. सात दिवसांचं पारायण, त्याचा तिसरा दिवस. पोथी एकच, पाटावर ठेवलेली. एकाचा अध्याय झाला की त्याने पाट शेजारच्यापुढे सरकवायचा. चाळीसेक माणसं बसलेली. मी शेवटच्या ओळीत. डोक्यावरून पदर, धुतलेलं लुगडं, सकाळपासून पोटात चहासुद्धा नाही. माझ्या शेजारी तिसऱ्या मजल्यावरची नवी सून होती. तिचा अध्याय संपला, तिने पाट माझ्यापुढे सरकवला. मी कोण, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं.

मी चौथी पास. अक्षराखाली बोट धरून वाचते. जोडाक्षर आलं की थांबते, जुळवते, मग पुढे जाते. दहा-बारा ओव्या झाल्या असतील. पुढून कोणीतरी फिसकन हसलं. मग सेक्रेटरी उठले.

"थांबा, थांबा. यांच्यापुढे कुणी ठेवली?"

मी वाचतच राहिले. सुरू केलेला अध्याय अर्धा सोडायचा नाही, हा पारायणाचा नियम. पहिल्या दिवशी त्यांनीच तो माईकवर सांगितला होता. आता तेच मोडायला आले. पोथी उचलली. तुळशीच्या पानाने तिच्यावर पाणी शिंपडलं. पुढच्या ओळीतल्या एका बाईंना दिली.

"पहिल्या ओवीपासून घ्या. हे वाचन धरायचं नाही."

मी वहिनींकडे बघितलं. त्यांच्या घरी मी बावीस वर्षं पोळ्या करत होते. "मावशी, तुम्ही पण या हं, सगळ्यांनी एकेक अध्याय वाचायचाय," असं त्यांनीच सांगितलं होतं. त्या पुढे बघत राहिल्या. मग मान न वळवता म्हणाल्या, "मावशी, पुऱ्यांची कणीक भिजवायची राहिलीय ना?"

मी उठले. गेले. कणीक भिजवली. चाळीस माणसांच्या पुऱ्या लाटल्या. पहिली पुरी नैवेद्याच्या ताटात गेली. माझ्या हातची पुरी देवाला चालते. माझ्या तोंडची ओवी चालत नाही. त्या दिवशी मी तोंड उघडलं नाही, ती लाज माझी. ती मी दुसऱ्या कोणावर ढकलत नाही.

माझी जात कोणी काढली नाही. आता काढत नाहीत. आता उच्चार काढतात.

पोथी मला नवी नव्हती. गिरणी बंद पडली तेव्हा आमचे हे लालबागच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून बसायचे. दिवसचे दिवस. पोर लहान. सासूची पोथी फळीवर होती, ती मी काढली. शाळेत शिकलेलं सगळं विसरले होते. त्या पोथीवरच पुन्हा वाचायला शिकले. पोथीने गिरणी उघडली नाही. ह्यांची दारू सुटली नाही. ते गेले तेही दारूनेच. मी खोटं सांगणार नाही, पोथीने मला काही आणून दिलं नाही. पण रोजचा तो पाऊण तास माझा होता. त्या वेळात मी कोणाची बायको नव्हते, कोणाच्या पोळ्या करणारी नव्हते. देवापुढे बसलेली एक बाई होते. उठताना छातीवरचा दगड थोडा हललेला असायचा. तेवढ्यावर मी दिवस काढले.

पारायणाच्या त्या आठवड्यात मला तो पाऊण तास कधी नव्हे एवढा हवा होता. माझी मुलगी सुनंदा परळच्या सरकारी हॉस्पिटलात होती. पोटात गाठ. ऑपरेशन ठरलेलं.

दुसऱ्या दिवशी कामाला गेले तर वहिनींनी चहा पुढे केला. आवाज मऊ.

"वाईट नका वाटून घेऊ मावशी. पण उच्चार चुकले की उलटा परिणाम होतो म्हणतात. त्यात सुनंदाचं ऑपरेशन. तुमच्याच भल्यासाठी सांगते, काही दिवस नकाच वाचू."

सेक्रेटरींनी पोथी उचलली ती हॉलमध्ये. वहिनींनी माझ्या घरातली उचलली. तीन दिवस मी पोथीला हात लावला नाही. फळीकडे बघायचे आणि मान फिरवायचे. एवढ्या वर्षांत किती अक्षरं चुकले असेन! ह्यांची दारू माझ्यामुळे? पोरीची गाठ माझ्यामुळे? ज्या देवाजवळ मी रडत होते, त्याचीच भीती वाटायला लागली. माणसाचं दुसरं काही काढून घेतलं तर तो भांडतो. हे काढून घेतलं तर कोणाशी भांडणार?

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सुनंदा म्हणाली, "आये, पोथी हाडलंस?"

पिशवीत होती. का आणली होती, मलाच ठाऊक नाही. म्हटलं, "माका वाचूक जमणा नाय. चुकीचा वाचला तर दोष लागता म्हणतत."

"कोण म्हणता?"

मी सांगितलं. हॉलमधलंही सांगितलं. ती उताणी पडूनच हसली. मग हसू गेलं.

"लागलो तर लागांदे माका. तुझा ह्या असलाच वाचणा आयकान मी वाढलंय. वाच गो."

मी वाचलं. बोट धरून, थांबत, जुळवत. शेजारच्या कॉटवरची बाई म्हणाली, "अम्मा, थोडा जोर से पढ़ो ना." सिस्टर आली, "आजी, हा वॉर्ड आहे, मंदिर नाही," म्हणाली. पण दोन मिनिटं तिथेच उभी राहिली. अध्याय पुरा झाला, तेव्हा स्ट्रेचर आलं.

ऑपरेशन झालं. पंधरा दिवसांनी रिपोर्ट आला. गाठ वाईट निघाली. आता ती माझ्याकडे आहे, औषधपाणी चालू आहे. केस गेलेत.

वहिनींना सांगितलं तेव्हा मी ओट्यापाशी होते. त्यांनी हळूच विचारलं, "मावशी, तुम्ही हॉस्पिटलात वाचलंत का हो?"

माझे हात कणकेत होते. ते मी धुतले. पदराला पुसले.

"वाचलं. मोठ्याने वाचलं. चुकत वाचलं. आता मला एक सांगा, वहिनी. तुमच्या सासूबाईंची वाणी कशी होती?"

"सासूबाईंचं काय इथे?"

"घडाघडा वाचायच्या. एक अक्षर चुकायचं नाही. पाच वर्षं अंथरुणात होत्या. लकवा. त्यांचं अंग मी पुसलं, तुम्ही नाही. त्यांना कुठला दोष लागला होता?"

"मावशी, तोंड सांभाळा."

"तेच सांभाळत होते बावीस वर्षं."

कणीक परातीत तशीच ठेवून मी निघाले. त्या घरात पुन्हा गेले नाही. हिशेबाला नाही, निरोपाला नाही. त्यांचा फोन येतो. सुनंदाच उचलते, "आई वाचतेय," म्हणते आणि ठेवते.

सुनंदा बरी होईल का, मला माहीत नाही. डॉक्टर सांगत नाहीत, आणि देवही मला काही सांगत नाही. मी वाचते, कारण त्याशिवाय मला दिवस काढता येत नाहीत. पण एवढं पक्कं ठरवलंय. माझ्या लेकीच्या आजाराचं पाप माझ्या जिभेवर टाकायला जो येईल, तो सेक्रेटरी असो, पुजारी असो, नात्यातला असो, त्याला मी खोलीचा उंबरा चढू देणार नाही. आणि या वेळी गप्प बसणार नाही.